साबिनचा भरलेला पेला

या मंडळी, जरा पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसलात त्यांनीही सरका, कारण आज माझा आवाज थोडा बसलाय आणि सांगायची आहे ती गोष्ट गळ्याचीच. एका खर्जाच्या गळ्याची, आणि तो गळा गप्प होईल या भीतीने एका भल्या माणसाने काय काय उचापती केल्या त्याची. कुणाच्या डोळ्याला पदर लागेल असं यात काही नाही. हसू येईल, आणि ते आलं तर दाबू नका. हसऱ्या माणसाच्या शेजारी बसायला देवालाही बरं वाटत असणार.

गोष्टीत वाइन आहे म्हणून कुणी नाक मुरडू नका. दूर परमुलखातल्या बिल्बाओ शहरात ती देवाच्या वेदीवरही चढते आणि कोपऱ्यावरच्या बारमध्येही. तिथल्या जुन्या गल्ल्यांत दुपारच्या जेवणाआधी मित्रमंडळी फेरीला निघतात. एका बारमध्ये शिरायचं, जाड बुडाच्या छोट्या पेल्यात दोन बोटं वाइन घ्यायची, एखादी काडी तोंडात टाकायची. काडी म्हणजे काडीला टोचलेलं ऑलिव्ह, खारवलेली मासळी आणि हिरवी मिरची. मग काउंटरला कोपर टेकून एक गाणं म्हणायचं आणि पुढच्या बारकडे वळायचं. बसायचं नाही. बसला तो गिऱ्हाईक, उभा राहिला तो घरचा. फेरीच्या वाटेवर एका गल्लीत फरशीवर खूण आहे. तिथे उभं राहिलं की दोन घरांच्या फटीतून वर टेकडीवरच्या देवळाचं शिखर दिसतं. बेगोन्याच्या देवमातेचं देऊळ. तिला सगळे आमाचू म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत माउली. त्या खुणेवर डोक्यावरच्या टोप्या निघतात आणि तिच्यासाठी एक पद म्हटलं जातं. पोटात वाइन, डोळ्यांपुढे माउली आणि दोन्ही बाजूंना मित्र. मी ते कितीदा ऐकलं, आणि दर वेळी मला आपल्या कीर्तनात बुवांनी उत्तररंगाला हात घातल्यासारखंच वाटलं.

साबिनचं टोळकं एके काळी नऊ जणांचं होतं. दोघं देवाघरी गेले, एक मुलीकडे राहायला दक्षिणेत गेला, आणि दोघांना डॉक्टरांनी वाइन बंद केली. बंद झालेले दोघं पहिल्या आठवड्यात म्हणाले, ‘आम्ही नुसते येऊ.’ दुसऱ्या आठवड्यात उशिरा आले. तिसऱ्या आठवड्यापासून नदीकाठच्या बाकावर दिसू लागले. कुणी त्यांना हाकललं नव्हतं. रिकामा हात काउंटरवर कुठे ठेवायचा तेच त्यांना कळेना, एवढंच. आणखी एकाचं बायकोशी जमलं, उतारवयात, आणि तो घरी जेवायला लागला.

उरले तिघे. साबिन खर्जाचा. जहाजाच्या कारखान्यात आयुष्यभर लोखंड जोडलेलं, छाती पिंपासारखी, आवाज त्या पिंपाच्या तळातून आल्यासारखा. चोमीन वरच्या सुराचा, पूर्वी न्हावी होता, बारीक, टापटीप, गाताना डोळे मिटणारा. आणि इमानोल मधल्या सुराचा, निवृत्त पोस्टमन. त्याच्या पायाला अजून घाई होती. तिघांत एक जरी कमी झाला तरी गाणं मोडणार होतं. दोघांचं गाणं म्हणजे नुसत्या गप्पा वरच्या पट्टीत.

आणि नेमकं त्या हिवाळ्यात सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी साबिनचे रिपोर्ट पाहिले, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “तुमचं यकृत थकलंय. आजपासून पोटात एक थेंब जाता कामा नये.”

“रविवारी?”

“रविवारी यकृताला सुट्टी नसते.”

मंडळी, दुसरा कुणी असता तर मित्रांपुढे मोकळा झाला असता. पण फेरीचा एक नियम होता. तो कुणी केला नव्हता आणि कुणी मोडला नव्हता: दुखणं घरी ठेवून यायचं. काउंटरवर फुटबॉलच्या टीमला शिव्या घाला, पावसाला घाला, सासूला घाला, पण गुडघा, रक्तदाब आणि डॉक्टर यांचं नाव काढायचं नाही. सहा गावांच्या बातम्या ठाऊक असलेली ही माणसं, शेजारच्याच्या छातीत काय चाललंय हे कधी विचारायची नाहीत. तो त्यांचा मान राखण्याचा प्रकार होता.

तेव्हा साबिनने सांगितलं नाही. त्याने युक्ती काढली.

फेलीच्या बारमध्ये ती पहिल्यांदा चालली. फेली जाडजूड, पन्नाशीची, सगळ्या म्हाताऱ्यांना नावाने हाका मारणारी. तिने तीन पेले ओळीने मांडले. साबिनने आपला उचलला, श्वास रोखला, मिटलेले ओठ काचेला टेकवले आणि पेला तसाच खाली ठेवला. श्वास रोखायचं कारण होतं. त्याचं नाक. साऱ्या टोळक्यात वाइन ओळखणारा तोच. वास नाकात शिरला तर मन डळमळेल हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग गाणं सुरू झालं, चोमीनने सवयीप्रमाणे डोळे मिटले, आणि साबिनने खर्ज लावता लावता आपला भरलेला पेला चोमीनपुढे सरकवला आणि त्याचा रिकामा आपल्यापुढे ओढला. गाणं संपलं, चोमीनने डोळे उघडले, समोरचा पेला उचलला आणि रिकामा केला.

“तहान लागलीय आज,” चोमीन ओठ पुसत म्हणाला.

साबिनला वाटलं, जिंकलो. पुढच्या बारमध्ये तेच. त्याच्या पुढच्यातही. सारा हिवाळा तेच. रात्री मात्र त्याला झोप लागायची नाही. चोमीनला तो वरचेवर सांगायचा, “अरे, थोडं जपून पी रे. आपलं वय झालं.” त्यावर चोमीन त्याच्याकडे असा बघायचा की साबिनला खाली बघावं लागे. इमानोलची घाईही अलीकडे वाढली होती. एक गाणं संपायच्या आत तो पुढच्या बारकडे सुटायचा. साबिनला वाटायचं, घरी याला पोटभर देत नाहीत.

घरी कार्मेले, त्याची बायको, सूप वाढता वाढता विचारायची, “सांगितलंस का त्यांना?”

“सांगेन.”

“कधी? तुझ्या तेराव्याला मी सांगू?” आता तिच्याकडे तेरावं नसतं, गेलेल्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना असते, पण बायको जे म्हणाली ते तुम्हाला आपल्या शब्दांत सांगायचं तर हेच.

“सांगितलं की संपलं, कार्मेले. मी बाकावर जाईन. कबुतरांना दाणे टाकेन. मला कबुतरं आवडत नाहीत.”

तिने त्याच्या ताटात आणखी एक पळी वाढली. न बोलता वाढण्यात बायका किती बोलतात ते साबिनला तेव्हा कळायला हवं होतं.

वसंत जवळ आला आणि चाखण्याचा शनिवार आला. दर वर्षी हे तिघं डोंगरापलीकडे द्राक्षांच्या मुलखात विसीच्या तळघरात जायचे. विसी तिथली मळेवाली. बापाच्या माघारी तिने मळा सांभाळला. गेल्या हंगामाची नवी वाइन पिंपांत तयार झालेली असायची. साबिन चाखायचा, एका पिंपावर हात ठेवायचा, आणि त्या पिंपातली वाइन फेली वर्षभर आपल्या बारमध्ये ओतायची. साबिनचा शब्द म्हणजे शब्द. त्याच्या घोटावर एक गल्ली वर्षभर प्यायची, म्हणा ना.

बारमध्ये पेले बदलता येतात. तळघरात कसे बदलणार? तिथे विसी एकेकाच्या तोंडाकडे बघत उभी असते.

शुक्रवारी साबिनने शेवटचा प्रयत्न करून पाहिला. “यंदा गाडी मी चालवतो,” तो सहज म्हटल्यासारखं म्हणाला. “गाडी चालवणाऱ्याने प्यायची नसते, तेव्हा तुम्ही दोघं चाखा.”

“माझा जावई नेतोय ना,” इमानोल म्हणाला. “मागेच ठरलंय.”

“जावयाला कशाला त्रास?”

“जावई असतो कशाला?”



शनिवारी सकाळी जावयाने तिघांना वेशीवर उतरवलं आणि तो बाजारात गेला. वेली नुकत्या छाटलेल्या, काळ्या, मुठी आवळून उभ्या असल्यासारख्या. तळघराच्या पायऱ्या उतरताना खालून गार हवा वर आली आणि तिच्याबरोबर वास. ओलं लाकूड, दगड आणि वाइन. साबिनने श्वास रोखायचा प्रयत्न केला, पण पायऱ्या पुष्कळ होत्या आणि वय झालेलं. मधेच त्याला श्वास घ्यावाच लागला. साऱ्या हिवाळ्यात त्या नाकाला काही मिळालं नव्हतं. तो पायरीवर थांबला आणि त्याने डोळे मिटले.

“काय रे, पाय दुखतो?” चोमीनने मागून विचारलं.

“नाही. वास घेतोय.”

“घे बाबा, घे. नाकाला बंदी नाही.”

हे बोलून चोमीनने जीभ चावली, पण साबिनचं लक्ष नव्हतं.

खाली विसी नळीने वाइन काढून तयारच होती. “या म्हाताऱ्यांनो. मेला असाल असं वाटलं होतं.”

“तुझं लग्न पाहिल्याशिवाय मरत नाही,” इमानोल म्हणाला.

“मग अमर व्हाल. घ्या.”

तिने पहिल्या पिंपातली वाइन तिघांना दिली. साबिनने पेला नाकाशी नेला आणि बोलू लागला, जरा जास्तच. यात पिकलेली चेरी आहे, यात पावसाळी ऑक्टोबर आहे, द्राक्षं उत्तरेच्या उतारावरची दिसतात. विसीने मान डोलावली. दुसऱ्या पिंपालाही त्याने नाकानेच निकाल दिला. तिसऱ्याला विसीने कमरेवर हात ठेवले.

“साबिन, नाकाची कीर्ती मला ठाऊक आहे. आता जिभेने सांग. पेला भरलेलाच आहे तुझा.”

तिघांची नजर त्याच्यावर. तळघरात पिंपातून एक थेंब कुठेतरी टपकला तो ऐकू आला. साबिनच्या हातात पेला होता आणि पेल्यात ती होती, नवी, जांभळट काठाची. एकच घोट, त्याच्या मनाने म्हटलं. एका घोटाने कोण मेलाय? घोट घेतला की शब्द राहील, फेरी राहील, खर्ज राहील. त्याने पेला ओठांपर्यंत नेला. आणि, खरं सांगतो, त्याला डॉक्टरीणबाई आठवल्या नाहीत. त्याला आठवली सूप वाढणारी कार्मेले, पळी हातात धरून गप्प उभी असलेली.

त्याने पेला पिंपावर ठेवला.

“मला मनाई आहे,” तो म्हणाला. खर्ज फाटला होता. “यकृत. हिवाळ्यापासून एक थेंब घेतलेला नाही. तुम्हाला फसवलं. आता सांगून टाकलं. उद्यापासून मी येत नाही फेरीला, दोघं सांभाळा.”

मग चोमीनने दोन्ही हात आकाशाकडे केले. आकाश नव्हतं, दगडी छत होतं, त्याने छताकडे केले.

“आमाचू! आलं एकदाचं तोंडातून! अरे बैला, माझी साखर कितीवर गेलीय ठाऊक आहे तुला?”

“साखर?”

“साखर! डॉक्टर मला विचारतो, ‘चोमीन, मिठाई खाता का?’ मी काय सांगू त्याला? मिठाई नाही हो, मित्र आहे!”

साबिनला काही कळेना. तेव्हा इमानोलने पोस्टमनच्या सवयीने सगळं ज्याचं त्याच्या हातात दिलं. डॉक्टरांकडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी कार्मेले फेलीकडे गेली होती. “तो सांगणार नाही, पण त्याला पाजू नका,” एवढंच म्हणाली. तेव्हापासून फेली साबिनच्या पेल्यात वाइन ओतत नव्हती, ओतत होती द्राक्षांचा न आंबवलेला रस. रंग तोच, पेला तोच, नशा शून्य. रस एका जुन्या वाइनच्या बाटलीत भरून ठेवलेला. पुढच्या बारवाल्यांना बातमी कुणी दिली? “मी पुढे पुढे का पळायचो सारा हिवाळा? भूक लागली म्हणून?” इमानोल म्हणाला.

“पण मी तर प्यायलोच नाही,” साबिन म्हणाला. “मी तो...”

“मला द्यायचास!” चोमीन ओरडला. “गोड, चिकट, लहान पोरांच्या वाढदिवसाचं पाणी! बारमागून बार! मी एक डोळा किलकिला करून बघतोय, तू पेला सरकवतोयस, आणि मी काय करू? परत सरकवू? मग तुला कळलं असतं की आम्हाला कळलंय.”

“जगातलं सगळ्यात तिखट नाक,” इमानोल म्हणाला, “आणि पेल्यात वाइन नाही हे सारा हिवाळा कळलं नाही!”

“मी श्वास रोखायचो!” साबिन गरजला. आधी त्याला राग आला होता, खरोखर आला होता, कान लाल झाले होते. “मला वेड्यात काढलंत तुम्ही! मला तोंडावर सांगायला हवं होतं!”

“आणि तू?” चोमीन म्हणाला. “तू सांगितलंस?”

आणि मंडळी, प्रथम विसी हसली. मग इमानोल. मग चोमीन पिंपाला धरून वाकला. सगळ्यांत शेवटी साबिन हसला, आणि त्याचं हसूही खर्जातलं असल्यामुळे पिंपं थरथरली.

हसू ओसरल्यावर साबिन पुन्हा गंभीर झाला. “पण गोष्ट तीच राहिली. न पिणारा माणूस काउंटरवर काय करणार? पाहिलंय आपण, आधीच्या दोघांचं काय झालं ते.”

“त्यांना आपण कधी विचारलं का, काय घेणार म्हणून?” चोमीन हळू म्हणाला. “नाही विचारलं. नजर चुकवली. ते आपलं चुकलं.”

विसी मधे पडली. तिने कोपऱ्यातली बादली पायाने पुढे ढकलली. “हे बघा, माझे वडील आयुष्यभर वाइन चाखायचे, तळघरात एक घोट गिळला नाही त्यांनी. तोंडात घ्यायची, फिरवायची, चूळ भरल्यासारखी टाकायची. चाखणारे सगळे तेच करतात. बिल्बाओची माणसं तेवढी पिंप संपवायला येतात.”

“थुंकू?” साबिन म्हणाला. “वाइन? मित्रांसमोर?” त्याच्या आईने लहानपणी त्याला भाकरीचा तुकडा जमिनीवर पडला तर उचलून त्याचा मुका घ्यायला शिकवलं होतं. वाइन थुंकणं म्हणजे त्याच्या लेखी त्याच रांगेतलं पाप.

“आम्ही तिकडे बघतो,” इमानोल म्हणाला, आणि दोघं खरंच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, शिक्षा झालेल्या शाळकरी पोरांसारखे.

साबिनने तिसऱ्या पिंपातली वाइन तोंडात घेतली. जिभेच्या टोकावर, कडांवर, टाळूवर. तो इतका वेळ गप्प होता की चोमीनने न वळता विचारलं, “गिळली का रे?” उत्तर म्हणून बादलीत आवाज झाला. मग साबिनने पहिल्या दोन पिंपांतलीही तशीच चाखली, तिसरं पुन्हा एकदा, आणि हात ठेवला तिसऱ्यावर.

“हे?” चोमीन वळला. “हे तर तोंडच उघडत नाही. दुसरं बघ की, कसं मोकळं, गोडसर.”

“तुला आता सगळं गोडच लागणार. दुसरं आज गोड बोलतंय, उन्हाळ्यात थकेल. हे आज लाजतंय. ऑक्टोबरात, माउलीच्या सणाच्या सुमाराला फेलीकडे घे आणि मग माझ्याशी भांड.”

विसीने खडूने पिंपावर खूण केली. कोणतं पिंप टिकेल हे तिला आधीच ठाऊक होतं.

मग वर अंगणात छाटणीच्या काड्यांचा जाळ झाला, त्यावर कोकराच्या फासळ्या चरचरल्या, मिठाशिवाय वर काही नाही. बटाट्याचा लाल रस्सा, पाव. जावईही बाजारातून आला आणि त्याने सगळ्यांहून जास्त खाल्लं. विसीने साबिनपुढे गडूभर पाणी ठेवलं. कुणी नजर चुकवली नाही. चोमीनलाही पाणीच दिलं, साखरेपायी, आणि त्याने ते औषधासारखं तोंड करून घेतलं.

जेवण झाल्यावर ते गायले. कुणी ‘गाऊ या’ म्हटलं नाही. इमानोलने सूर धरला, चोमीन त्याच्यावर चढला, आणि खालून साबिनचा खर्ज आला. सारा हिवाळा तो हाताकडे लक्ष ठेवून गात होता, पेला कधी सरकवायचा याच्या चिंतेत. आज दोन्ही हात मोकळे होते. मी पुष्कळ कीर्तनं ऐकली, तेव्हा एवढं सांगतो: मन दोन ठिकाणी असलं की सूर लागतो पण भरत नाही. त्या दुपारी तो भरला. विसी भांडी घासत होती, ती पाणी बंद करून दारात येऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिघं फेलीच्या दारात शिरले. बार गच्च भरलेला. साबिन काउंटरशी गेला, कोपर टेकलं आणि आपल्या पूर्ण आवाजात म्हणाला, “फेली! दोघांना वाइन, मला रस. डॉक्टरांनी बंद केलीय!”

बारमधली कुजबूज थांबली. नियम मोडला होता. फेलीने फडकं खांद्यावर टाकलं. “मेल्या, मग ती बाटली लपवत माझी कंबर गेली त्याचं काय?” आणि तिने बाटली सगळ्यांदेखत वर उचलून पेला भरला.

तेवढ्यात काउंटरच्या पलीकडच्या टोकाचा, दुसऱ्या टोळक्यातला एक टकला माणूस खाकरला. त्याच्यापुढे वाइनचा भरलेला पेला केव्हाचा तसाच होता. “फेली,” तो खाली बघत म्हणाला, “ते जे त्याला दिलंस ना... मलाही दे एक.”

त्याच्या मित्रांनी त्याच्याकडे बघितलं. मग त्यातल्या एकाने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि विचारलं, “कधीपासून रे?” आणि तो सांगू लागला.

साबिनने आपला रस नाकाशी नेला. “फेली, हा उत्तरेच्या उतारावरचा आहे. बरा आहे. साखर जास्त आहे.”

“मला विचार,” चोमीन म्हणाला.

तर मंडळी, गोष्ट साबिनची झाली, पण उठण्याआधी एक विनंती. आज घरी जाऊन हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांबरोबर त्या बारीक, टापटीप न्हाव्याचंही नाव घ्या. चोमीनचं. सारा हिवाळा त्याने मित्राची लाज झाकली, एक डोळा मिटून, आणि ‘तहान लागलीय’ याखेरीज एक शब्द काढला नाही. त्याची आठवण ठेवा.